अकरा फुटांचा संकल्प

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की गोल्फ क्लबाच्या सभासदांना आपण फारच अपुरी माणसं आहोत असा एकाएकी साक्षात्कार होई. वर्षभर चेंडू झुडपात घालणारी, काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीवर खेकसणारी, सहा फटक्यांचे पाच लिहिणारी ही मंडळी जाड पुठ्ठ्याच्या वह्या घेऊन व्हरांड्यात बसत आणि स्वतःला तपासत. पेनं तीन रंगांची. काय केलं ते निळ्या शाईत, काय चुकलं ते लाल शाईत, आणि पुढच्या वर्षी काय करणार ते हिरव्या शाईत. लाल शाईचं पेन वर्षानुवर्षं टिकायचं. हिरवं मात्र आठवडाभरातच संपायचं, कारण करणार आहोत ते लिहायला कुणाचं काय जातं?

हा सगळा तमाशा हेडमाळी नवव्या ग्रीनवरून बघत. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची ती बारीक कापलेली हिरवळ, जिच्यावर चेंडू हाणायचा नसतो, नुसता ढकलायचा असतो. असे अठरा ग्रीन त्यांनी एकतीस वर्षं सांभाळले होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण समोर येईल त्याला मनातल्या मनात गुण द्यायची त्यांना खोड होती, आणि आजवर पस्तीसच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. तोंडावर मास्तर, पाठीमागे खवट. दोन्ही नावं त्यांना माहीत होती आणि दुसरं त्यांना जास्त आवडे.

काम मात्र चोख. उजाडायच्या आत मैदानावर हजर. लांब काठीनं ग्रीनवरचं दव झाडायचं, कारण दव रेंगाळलं की बुरशी धरते. मग गुडघ्यावर बसून तळहातानं गवत दाबायचं, नखानं दोन पाती बाजूला करायची, मूळ पांढरं आहे की तपकिरी ते बघायचं. कुठल्या ग्रीनला कुठल्या बाजूनं ऊन लागतं, कुठे पाणी मुरतं आणि कुठे नुसतं वरून पळतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. सातवा ग्रीन तर त्यांनी स्वतःच्या हातानं लावला होता, तुकडा तुकडा जोडून, एका पूर्ण हिवाळ्यात. हे ज्ञान त्यांनी कुणाला दिलं नाही. विचारणाऱ्याला म्हणायचे, "गवताला विचारा." आणि विचारणारा गेला की म्हणायचे, "यांना काय सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी."

घरी बायको कपडे दुरुस्तीचं काम करायची. विजारी सैल करणं, बाह्या आखूड करणं. हातात काम नसलं की वाचनालयातलं पुस्तक. मास्तरांनी आयुष्यात एकही पुस्तक पुरं केलं नव्हतं आणि हे ते पदक मिळाल्यासारखं सांगत. ती म्हणायची, "वाचल्याचा तोरा मिरवणारे पुष्कळ बघितले. न वाचल्याचा मिरवणारे तुम्हीच."

मास्तरांचा सगळ्यात जुना आणि लाडका शत्रू म्हणजे प्लायवूडसाहेब. धंदा प्लायवूडचा, वय पंचावन्न, आणि ध्यास आत्मविकासाचा. वर्षाला बारा पुस्तकं हा त्यांचा नेम. सहा मनाची, सहा गोल्फची. बुधवारी पत्त्यांच्या खोलीत त्यांचं वाचनमंडळ भरे, तिथे सात-आठ जण एकमेकांना तीच वाक्यं वाचून दाखवत आणि माना डोलवत. ज्या वर्षी त्यांनी श्वासाचं पुस्तक वाचलं, त्या वर्षी फटक्याआधी ते इतका वेळ श्वास घेत की मागून येणारे चौघं वाळूच्या बंकरच्या कडेला बसून डबा उघडत. ज्या वर्षी मनगटाचं पुस्तक वाचलं, त्या वर्षी मनगट दुखावलं. सवयींचं पुस्तक वाचलं तेव्हा रोज पहाटे सहाला सरावाला यायचं ठरवलं आणि आले, बरोबर नऊ दिवस. नव्याचे नऊ दिवस ही म्हण इतक्या काटेकोरपणे पाळणारा माणूस मास्तरांनी दुसरा पाहिला नव्हता.

गोल्फमध्ये खेळाडूला एक आकडा असतो, हँडिकॅप म्हणतात. जितका कमी, तितका खेळाडू चांगला. प्लायवूडसाहेबांचा हँडिकॅप नऊ वर्षं चोवीस होता. दर डिसेंबरात हिरव्या शाईत 'अठरा' लिहायचे आणि पुढच्या डिसेंबरात लाल शाईत 'मन विचलित झालं' असं लिहायचे. पुस्तकांचा दोष नव्हता. ती बिचारी चांगलीही असतील. पण पोहायचं पुस्तक काठावर बसून वाचणाऱ्याचे पायसुद्धा ओले होत नाहीत, हे त्या बिचाऱ्यांनी तरी कसं सांगावं?

या हँडिकॅपचं खापर कुणाच्या तरी माथ्यावर फुटायलाच हवं होतं. मनगट झालं, श्वास झाला, बायकोचा फोन झाला. राहिलं गवत. नाचता येईना, अंगण वाकडं! कुठल्याशा जाड पुस्तकात त्यांनी वाचलं की चांगल्या ग्रीनवर चेंडू अकरा फूट घरंगळतो. हे मोजायची एक पन्हळीसारखी पट्टी असते. तिच्यावर चेंडू ठेवून हळूहळू उचलायची, चेंडू आपला आपण सुटतो आणि जिथे थांबतो तिथवरचे फूट मोजायचे. मास्तरांच्या ग्रीनवर चेंडू आठ फूट जायचा. झालं. प्लायवूडसाहेबांना नऊ वर्षांचं उत्तर सापडलं. आपण हळू नव्हतो, गवत हळू होतं.

दुर्दैव असं की त्याच वर्षी त्यांना ग्रीन कमिटीचं प्रमुख केलेलं होतं. वर्षाखेरच्या सभेत त्यांनी उभं राहून तीन संकल्प वाचले. एक, मनःशांती. दोन, हँडिकॅप अठरा. तीन, ग्रीन अकरा फूट. पहिल्या दोन संकल्पांनी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तिसरा गवताच्या मुळावर आला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते हातात पुस्तक घेऊन मशीनच्या शेडमध्ये आले. पानांत रंगीत चिठ्ठ्या खोचलेल्या. मास्तर पातं घासत होते. शेजारी भिंगरी मशीनला तेल देत होती. भिंगरी म्हणजे ग्रीनवर मशीन चालवणारी बाई. चौदा वर्षं हेच काम. ग्रीनच्या कडेला मशीन अशी गर्रकन वळवायची की मागे एक चाकोरी उमटायची नाही, म्हणून हे नाव.

"मास्तर, आपण कापायची उंची किती ठेवतो?"

"पाच मिलीमीटर."

"इथे तीन म्हटलंय. एप्रिलच्या स्पर्धेपर्यंत तीनवर यायला पाहिजे. काही अडचण?"

अडचण होती. पुस्तकातलं गवत वेगळं होतं, थंड हवेतलं, बारीक पातीचं. इथलं रुंद पातीचं, उथळ मुळाचं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते तीनवर कापणं म्हणजे माणसाचं डोकं भादरून त्याला दुपारी छपरावर बसवणं. आणि उतरायचंच असेल तर आठवड्याला पाव मिलीमीटर, तेही पावसानंतर. हे सगळं मास्तरांच्या जिभेवर होतं. पाच वाक्यांचं काम. पण त्यांनी त्या रंगीत चिठ्ठ्यांकडे पाहिलं, त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना जुना, ओळखीचा उबग आला. याला शिकवायचं? याला तर पुस्तकं शिकवतात.

"अडचण कसली?" मास्तर म्हणाले. "लावतो."

साहेब खूश होऊन गेले. जाताना वहीत काहीतरी लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी मापपट्टी लावली आणि पातं पाचवरून थेट तीनवर आणलं. एका दमात. भिंगरी बघत उभी होती.

"मास्तर, एवढं खाली? जळेल की हो."

"जळू दे."

"अहो, पण..."

"तू तुझं मशीन चालव. जळल्याशिवाय यांना कळायचं नाही. एकदा होऊ दे फजिती."

क्लबात एक उंचीची वही असते. रोज सकाळी कुठला ग्रीन, किती उंचीवर कापला, ते तिच्यात लिहायचं. आणि नियम असा की ज्याच्या हातात मशीन, त्याची सही. पातं कुणी लावलं ते वही विचारत नाही. भिंगरीनं मुकाट्यानं सही केली.

पुढचे पंधरा दिवस प्लायवूडसाहेबांच्या आयुष्यातले सर्वोत्तम. ग्रीन काचेसारखे झाले. पट्टीवरून सुटलेला चेंडू अकरा फूट गेला, एकदा तर साडेअकरा. त्याचा फोटो त्यांनी वाचनमंडळाला पाठवला. चेंडू आता भोकाशेजारून सुसाट निघून जाई आणि त्यांना प्रत्येक ग्रीनवर आधीपेक्षा एक फटका जास्त लागे, पण तो प्रगतीचा फटका होता. स्पर्धा थाटात पार पडली.

मग ऊन चढलं. आधी कडा पिवळ्या पडल्या, मग मधे ठिपके उठले, मग एका आठवड्यात ठिपके एकमेकांना मिळाले. तिसरा, सातवा, अकरावा आणि चौदावा, चार ग्रीन पायपुसण्यासारखे झाले. सभासद कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि ओरडत. मास्तरांना सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. लोक प्लायवूडसाहेबांकडे बघून कुजबुजत होते, आणि मास्तर लांबून काठीवर रेलून ते डोळे भरून पाहत होते. पण एका सकाळी ते सातव्यावर गुडघ्यावर बसले, नखानं पाती बाजूला केली, तर मूळच हातात आलं. कोरडं, दोऱ्यासारखं. त्यांनी ते परत मातीत खोचायचा प्रयत्न केला. एकतीस वर्षं माळीकाम केलेल्या माणसाला मेलेलं मूळ रुजत नाही हे माहीत नव्हतं थोडंच? तरी त्यांनी ते खोचलं आणि अंगठ्यानं दाबलं.

आता खरी मेख. मास्तरांची अटकळ अशी होती की फजिती साहेबांची होणार. पण ज्यानं वर्षाला बारा पुस्तकं वाचलीत, त्याच्याकडे दोषाला लावायला बारा शब्द असतात. साहेबांनी चौकशी बसवली. उंचीची वही उघडली. त्यात एका सकाळी पाच, आणि दुसऱ्या सकाळी तीन, खाली भिंगरीची सही.

"मी हळूहळू उतरवायचं म्हटलं होतं," साहेब म्हणाले. म्हटलं नव्हतं, पण तोवर त्यांनी पुस्तकातलं पुढचं पान वाचलं होतं आणि ते आपण बोललो होतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. शिवाय त्यांनी आपली वही दाखवली. निळ्या शाईत लिहिलेलं होतं, 'उंचीबाबत मास्तरांशी चर्चा. त्यांची काही हरकत नाही.' हे मात्र अक्षरशः खरं होतं.

कमिटीनं मास्तरांना विचारलं. तेव्हाही संधी होती. पण समोर पाच-सहा पांढरे सदरे बघून मास्तरांची जीभ नेहमीप्रमाणे वाकडी झाली. "वहीत आहे ते आहे," ते म्हणाले आणि निघून आले. त्यांना वाटलं, या मूर्खांना यातलं काय कळणार, चार दिवस गुऱ्हाळ घालतील आणि विसरतील. ते विसरले नाहीत. नोव्हेंबरात भिंगरीला पत्र मिळालं. निष्काळजीपणामुळे वर्षअखेर सेवा समाप्त. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मास्तरांची साठी डिसेंबरात होती. त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती आणि तीही त्याच वर्षाखेरच्या सभेत जाहीर व्हायची होती. म्हणजे खरं बोललं तर भिंगरी राहणार आणि आपण जाणार, हे गणित करायला सातवी नापास माणूसही पुरे होता. मास्तरांनी ते गणित महिनाभर केलं आणि दर वेळी वेगळं उत्तर काढायचा प्रयत्न केला. तिला दुसरीकडे काम मिळेल. क्लब कुणालाच ठेवण्याच्या लायकीचा नाही. मी गेलो तर नव्यानं लावलेले चार ग्रीन कोण जगवणार? प्रत्येक उत्तरात दुसऱ्या कुणाला तरी शून्य गुण होते.

संध्याकाळी बायको एका विजारीची कंबर उसवत बसली होती. मास्तर चहा पीत होते आणि क्लबातलं नवं खूळ सांगून हसवत होते. यंदा साहेबांनी कर्मचाऱ्यांसाठीही कागद छापला होता. त्यावर तीन रकाने. माझी चूक, मी काय शिकलो, माझं ध्येय. तळाशी एक ओळ, मी वाचणार असलेलं पुस्तक. स्वयंपाक्यानं भरलं होतं, 'चूक नाही, शिकलो नाही, ध्येय रजा.' सभेत प्रत्येक खात्यातल्या एकानं आपला कागद वाचायचा होता.

"मैदानातर्फे मला वाचायला लावलंय," मास्तर म्हणाले. "लिहितो, चूक, इथे जन्म घालवला. पुस्तक, साहेबांचं चेकबुक."

बायको हसली नाही.

"भिंगरी आली होती काल."

"इथे? मला भेटायला?"

"तुम्हांला कशाला भेटेल? मला भेटायला. विचारत होती, हे उसवण्या-शिवण्याचं काम शिकवाल का. चाळिशीत नव्यानं जमेल का. तुमचं नाव काढलं नाही तिनं. एकदासुद्धा नाही."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "अगं, मी काय तिला काढलं? त्या प्लायवूडनं..."

"त्यानं विचारलं होतं ना तुम्हांला, अडचण आहे का म्हणून? मग बोलायला काय झालं होतं?"

"त्याला पटलं असतं होय?"

"नसतं पटलं. पण तुम्ही बोलला तर असतात." तिनं दात लावून दोरा तोडला. "अहो, लग्न झालं तेव्हा तुम्ही लोकांच्या नकला करायचात, मी पोट धरून हसायची. वाटायचं, केवढा हुशार नवरा मिळाला. आता ऐकलं की लाज वाटते. तो मूर्ख आहे, मान्य. पण तो मूर्ख आहे एवढं ठाऊक असणं म्हणजे काही मोठं काम नाही."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. त्या संध्याकाळी तो थोडासा तरी जळाला असावा, कारण त्यांनी उठून तो कागद आणि तिच्याकडचं पेन घेतलं आणि खिडकीपाशी पाठमोरे बसले.

सभेला दीडशे माणसं होती. चहा, बिस्किटं, आणि कोपऱ्यात विकत घ्यायच्या पुस्तकांचं टेबल. कर्मचारी मागच्या भिंतीला लागून उभे. भिंगरी दाराजवळ होती. तिला यावंच लागलं होतं, हजेरी लागणार होती. एक वकील उठले आणि म्हणाले की या वर्षी मी ऐकायला शिकलो, आणि वीस मिनिटं बोलले. एका दंतवैद्यांनी वर्षभरात राग जिंकला होता. पार्किंगमध्ये ते त्याच रागापुढे पुन्हा हरले होते हे तिथल्या रखवालदाराला ठाऊक होतं. मग प्लायवूडसाहेब उठले.

"मित्रहो, हे वर्ष मला क्षमा शिकवून गेलं," ते म्हणाले. "एका कर्मचारी भगिनीच्या चुकीमुळे आपले चार ग्रीन गेले. मला फार संताप आला होता. पण एका पुस्तकानं माझे डोळे उघडले. राग धरणारा स्वतःच जळतो. आज मी सर्वांसमोर सांगतो, मी तिला अंतःकरणापासून क्षमा केलेली आहे."

टाळ्यांचा कडकडाट. भिंगरीला क्षमा मिळाली, नोकरी गेली ती गेलीच. तिनं खाली बघितलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मास्तरांना पुढे बोलावलं. साहेबांनी ओळख करून दिली, आपल्या हिरवळीचा आत्मा वगैरे. मास्तरांनी कागद उघडला. अक्षर त्यांचं त्यांनाच लागेना, म्हणून सावकाश वाचलं.

"माझी चूक. मार्चमध्ये साहेबांनी विचारलं, तीन मिलीमीटरला अडचण आहे का. अडचण होती. मी नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पातं मी लावलं, पाचवरून तीन, एकाच सकाळी. जळणार हे मला माहीत होतं. मला यांची फजिती बघायची होती. सही भिंगरीनं केली, कारण नियम तसा आहे. तिची काही चूक नाही. मी काय शिकलो आणि ध्येय, हे रकाने मोकळे आहेत."

आणि मग, काय सांगावं, टाळ्या! पहिल्या रांगेतून सुरू झाल्या आणि मागपर्यंत गेल्या. दोघं-तिघं उभे राहिले. प्लायवूडसाहेबांच्या डोळ्यांत पाणी. ते पुढे आले आणि त्यांनी मास्तरांचे खांदे धरले.

"मास्तर! याला म्हणतात आत्मपरीक्षण! आम्ही इतकी वर्षं वाचतोय, पण असं लाल शाईचं पान..."

"टाळ्या कसल्या वाजवताय?" मास्तर म्हणाले. आवाज इतका मोठा होता की चहावाल्याचा हात थांबला. "मी गवत मारलं. ही बाई माझ्या पापानं घरी बसतेय. आणि तुम्ही टाळ्या वाजवताय? तिचं पत्र रद्द करा. आत्ता. बाकी तुमचं चिंतन नंतर चालू द्या."

"मास्तर, भावना समजली," साहेब हळूच म्हणाले, "पण तो कमिटीचा विषय. जानेवारीत बघू."

अध्यक्षस्थानी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या सभेत सहसा बोलत नसत. तीन शाईंची वही त्यांच्याकडे नव्हतीच. त्यांनी चष्मा काढला.

"पातं तुम्ही लावलंत?"

"मी."

"जळेल हे तुम्हांला माहीत होतं?"

"होतं."

"आणि ही? तिला माहीत होतं?"

हे मास्तरांनी कागदावर लिहिलं नव्हतं. खरं तर त्यांना आत्ता आठवलं. "ती म्हणाली होती, जळेल म्हणून. मी गप्प बसवलं."

"म्हणजे त्या सकाळी गवत कळणारी दोन माणसं तिथे होती," बाई म्हणाल्या, "आणि त्यांतल्या एकीनंच तोंड उघडलं." त्यांनी सचिवाकडे हात केला. "पत्र रद्द. इतिवृत्तात लिहा. आणि मास्तर, तुमची मुदतवाढ मला देता येणार नाही. साहेबांनी न कळता गवत जाळलं. तुम्ही कळून जाळलंत."

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आयुष्यभर मास्तरांकडे उत्तर तयार असे. एखादं बोचरं, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं. पण बाईंचं म्हणणं बरोबर होतं आणि बरोबर बोलणाऱ्याला काय उत्तर द्यायचं याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ते खाली आले. प्लायवूडसाहेबांचं पद कायम राहिलं. पुढच्या वर्षाच्या बारा पुस्तकांची यादी त्यांनी त्याच सभेत वाटली.

ग्रीनचा ताबा तूर्त भिंगरीकडे आला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मास्तर सातव्यावर गेले. नवं गवत बोटभर जागा सोडून सोडून फुटलं होतं, पण मुळं धरत होती. भिंगरी मशीन घेऊन आली. मास्तरांना वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. आभार नको, पण काहीतरी.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "याला अजून सहावर ठेव. पूर्वेकडची कड आधी सुकते, तिथे पाणी दोनदा लागतं. आणि दव झाडल्याशिवाय मशीन..."

"माहीत आहे, मास्तर."

"कधी सांगितलं मी तुला?"

"तुम्ही नाही सांगितलंत. चौदा वर्षं बघतेय." तिनं वाकून पातं तपासलं. "तुम्ही मला कधी विचारलंच नाही, मला काय माहीत आहे ते. मार्चमध्ये मी आपण होऊन बोलले, तर म्हणालात, तू तुझं मशीन चालव."

"चुकलं माझं."

"ते सभेत ऐकलं मी. दीडशे माणसांनी ऐकलं." ती रागावून बोलत नव्हती, आणि तेच मास्तरांना सोसवेना. "मला मात्र अजून कुणी येऊन सांगितलं नव्हतं. आज आलात, तेसुद्धा पाणी कसं घालायचं ते शिकवायला."

तिनं दोरी ओढली. मशीन सुरू झालं. त्या आवाजात ती काहीतरी म्हणाली, ते त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिनं हातानं खूण करून पुन्हा सांगितलं.

"बाजूला व्हा, मास्तर. कापायचंय."

मास्तर ग्रीनवरून खाली उतरले.